पिलांची रक्ती हगवण

तीन ते सहा आठवड्यांची पिले पंख पाडून कोपऱ्यात गोळा होऊ लागली व विष्ठेत रक्त दिसले, की पुष्कळ कुक्कुटपालक हवेला दोष देतात. खरा अपराधी आयमेरिया हा एकपेशीय जीव होय. त्याची टणक कवचाची सूक्ष्म बीजे रोगी पिलाच्या विष्ठेतून बाहेर पडतात. त्या वेळी ती निरुपद्रवी असतात. परंतु ओल, ऊब व हवा मिळाली म्हणजे साधारणतः दोन दिवसांत पिकतात आणि प्रत्येक बीजात आठ सूक्ष्म जीव तयार होतात. पिलाने असे बीज दाण्याबरोबर टिपले, की पोटात कवच फुटते व ते जीव आतड्याच्या पेशींत शिरून, तेथे वाढून त्या पेशीच फोडतात. रक्त येते ते यामुळे. एका बीजापासून पुढे हजारो बीजे निपजतात.

नेहमीच्या जंतुनाशकांना ही बीजे दाद देत नाहीत. त्यावरील खर्च बहुधा वायाच जातो. भाताच्या तुसाची गादी रोज हलवून कोरडी ठेवावी. पाण्याच्या भांड्याभोवतीचे भिजलेले तूस तत्काळ काढावे, कारण रोगाचे माहेर तेच. पिले आजारी दिसताच पशुवैद्यकास दाखवावे. त्याने दिलेले औषध बहुधा पाण्यातून पाजावयाचे असते. आजारी पिलू खाणे सोडते, पण पाणी पिते.