जुन्या मोटारसायकलचा दिवा मंद का?

रात्री जुन्या मोटारसायकलचा दिवा मिणमिणू लागला, तर रस्त्यातला खड्डा चाकाखाली आल्यावरच कळतो! अशा वेळी पुष्कळ जण नवी बॅटरी आणतात. पण दोष तेथेच असतो असे नाही.

राजदूतसारख्या जुन्या गाड्यांत ६ व्होल्टची योजना असे. इंजिनाबरोबर फिरणारे चुंबक वेटोळ्यात वीज निर्माण करतात. फॅरडेने १८३१ मध्ये शोधलेले विद्युत्-चुंबकीय प्रवर्तन ते हेच. म्हणून इंजिन मंद असताना दिवा मंद होणे स्वाभाविक आहे. इंजिनाचा वेग वाढवूनही तो उजळला नाही, तर मात्र दोष शोधावा.

दिव्यातून विजेचा परतीचा मार्ग गाडीच्या सांगाड्यातून जातो. यालाच ‘अर्थ’ म्हणतात. त्याच्या जोडावर गंज चढला की रोध वाढतो. २४ वॅटचा दिवा ६ व्होल्टवर ४ अँपिअर प्रवाह घेतो. म्हणजे त्याचा रोध दीड ओहम. पुरवठा ६ व्होल्टच राहिला असे धरू. गंजाने अर्ध्या ओहमची भर घातली, तर प्रवाह सुमारे ३ अँपिअर होतो आणि दिव्याला साडेचारच व्होल्ट मिळतात. तंतू कमी तापतो व प्रकाश निम्म्याहूनही कमी होतो.

तपासणी सोपी आहे. मोठ्यांच्या मदतीने, गाडी उभी असताना, दिव्याच्या धातूच्या बैठकीपासून इंजिनाच्या स्वच्छ धातूपर्यंत एक जादा तार जोडा आणि मग इंजिन सुरू करा. प्रकाश वाढला, तर जुना जोड पॉलिशपेपरने घासून घट्ट आवळा. बॅटरी भरत नसेल, तर आधी तिचे जोड, मग रेक्टिफायर आणि शेवटी वेटोळे तपासावे. पैसे खर्च करण्यापूर्वी ओहमचा नियम आठवावा, हे बरे!