हेडलाईट मध्येच बंद पडतात? नवा स्विच घेण्याआधी हे वाचा

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्रीचे साडेनऊ, वर धो धो पाऊस आणि आम्ही आंबा घाट उतरत होतो. गाडी बाबांची, वीस वर्षांहून जुनी. एका वळणाच्या जरा आधी दोन्ही हेडलाईट एकदम गेले. बाबांनी सवयीने अप्पर-डिप्परची दांडी स्वतःकडे ओढली, तर लाईट आले. सोडली की परत अंधार. ती दांडी तशीच धरून त्यांनी गाडी कडेच्या रुंद जागेत घेतली आणि पार्किंग लाईट लावले. दहा मिनिटांनी स्विच फिरवला, तर हेडलाईट काही झालंच नाही अशा थाटात चालू!

आणि हा स्विच वर्षभरापूर्वीच नवा बसवला होता.

जुनी गाडी असलेल्या घरात हा किस्सा कुठल्या ना कुठल्या रूपात घडलेला असतोच. लाईट जातात, गॅरेजवाला बल्ब बदलतो. परत जातात, मग स्विच बदलतो. काही महिन्यांनी पुन्हा तेच. कारण स्विच जळतो हे खरं असलं, तरी तो का जळतो हे कुणी बघतच नाही.

आता जरा आकडे बघू. साध्या हॅलोजन बल्बचा लो बीम 55 वॉटचा असतो. 12 व्होल्टवर असे दोन बल्ब मिळून साधारण 9 अँपिअर करंट ओढतात. आजच्या बहुतेक गाड्यांत हा भार रिले उचलतो. पण बऱ्याच जुन्या गाड्यांत रिले नसतोच, सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या त्या छोट्याशा स्विचमधून जातो.

स्विचच्या आत तांब्या-पितळेच्या दोन पट्ट्या एकमेकींना टेकतात, बस. वर्षानुवर्षांच्या ठिणग्यांनी आणि दमटपणाने त्यांवर काळा थर चढतो. समजा त्या थराने फक्त 0.1 ओहमचा अडथळा आणला. 9 अँपिअर जाताना तिथे साधारण 8 वॉट उष्णता तयार होते. तेवढ्याने प्लास्टिक हळूहळू मऊ पडतं, पट्टीची पकड सैल होते, अडथळा आणखी वाढतो. एका क्षणी पट्टी सुटते आणि अंधार होतो. गार झाली की परत टेकते. आमचे लाईट दहा मिनिटांनी आपोआप का आले, ते हे असं.

बाबांनी मात्र त्यात भर घातली होती. 'उजेड कमी पडतो' म्हणून बाजारातून 100/90 वॉटचे बल्ब आणून लावले होते. आता लो बीमलाच 15 अँपिअर. त्याच 0.1 ओहमवर उष्णता होते 22 वॉटच्या वर, म्हणजे जवळपास 25 वॉटच्या सोल्डरिंग आयर्नइतकी. नवा स्विच वर्षभर टिकला हेच नशीब म्हणायचं.

इथे बरेच जण म्हणतात, "पण फ्यूज आहे ना!" फ्यूज जातो करंट मर्यादेबाहेर गेला की. इथे करंट मर्यादेतच असतो, फक्त एकाच ठिबक्यावर उष्णता साठते. त्यामुळे स्विच वितळतो आणि फ्यूज शांत बसून असतो. हां, फ्यूज सारखा जात असेल तर त्याजागी मोठा फ्यूज किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावायची नाही. फ्यूज गेला नाही, तर वायर जळणार.

मग दोष नेमका कुठे आहे हे कसं ओळखायचं?

दोन्ही हेडलाईट एकदम गेले तर बल्बचा नाद सोडा. दोन बल्ब एकाच सेकंदाला उडणं फार क्वचित. दोघांना सामाईक असलेल्या वाटेवर शोधा. दांडी ओढून लाईट येत असतील, तर बल्ब आणि अर्थिंग बहुधा ठीक असतात, संशय स्विचवरच. लाईट पंधरा मिनिटं चालू ठेवून स्विचच्या कव्हरला हात लावा. गरम लागलं किंवा जळका वास आला तर उत्तर मिळालं.

पुढची तपासणी साध्या मल्टीमीटरने होते. इंजिन बंद, हेडलाईट चालू. आधी बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज बघा, मग बल्बच्या मागच्या कपलरवर, बल्ब जोडलेला असतानाच. दोन आकड्यांत अर्ध्या व्होल्टहून बराच जास्त फरक असेल, तर वाटेत कुठेतरी वीज वाया जातेय. हे किरकोळ वाटतं, पण हॅलोजनचं व्होल्टेज 10 टक्क्यांनी घसरलं की उजेड साधारण 30 टक्क्यांनी कमी होतो. बाबांना उजेड कमी पडत होता तो यामुळेच. मोठ्या बल्बची गरजच नव्हती.

मग मीटरचं एक टोक बल्बच्या अर्थच्या वायरला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. इथे आकडा शून्याच्या जवळपास हवा. नसेल तर स्विच निर्दोष आहे, बॉडीला अर्थ जिथे बोल्टने कसलाय तिथे गंज आहे. कोकणातल्या गाड्यांचं तर हे ठरलेलं दुखणं. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, असली भुताटकीही याचीच. अर्थची वाट बंद झाली की करंट शेजारच्या बल्बमधून वाट काढतो. बोल्ट खोलून पॉलिश पेपरने घासा, घट्ट करा, वरून थोडं ग्रीस. खर्च जवळपास शून्य.

स्विचच खराब निघाला तर नवा जरूर घ्या, पण सोबत रिले बसवून घ्या. मग स्विचमधून फक्त रिले चालू करण्यापुरता करंट जातो, साधारण 0.15 ते 0.2 अँपिअर. बल्बला वीज जाड वायरने थेट बॅटरीकडून मिळते. त्या वायरला बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवाच, वायरमनला हे बजावून सांगा. बल्ब 60/55 चेच ठेवा.

रत्नागिरीतल्या वायरमनकाकांनी आमचा स्विच खोलून दाखवला तेव्हा आतलं पांढरं प्लास्टिक चहाच्या रंगाचं झालं होतं. एका कोपऱ्यात तर कोळसा. "अजून एक पावसाळा काढला असता तर धूरच निघाला असता," ते म्हणाले. रिले बसवल्यावर जुन्याच वॉटचे बल्ब लावले आणि बाबा पहिल्याच रात्री विचारत होते, "काका, बल्ब मोठे टाकलेत का?"

स्वतः स्विच खोलणार असाल तर आधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा. स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असेल तर तिथे हातच घालू नका, जाणकाराकडे जा. आणि चालत्या गाडीत डॅशबोर्डमागून धूर दिसला तर थांबा, इंजिन बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा. बॉनेटखालून धूर किंवा ज्वाळा नसतील तरच बॉनेट उघडून निगेटिव्ह काढा. त्यासाठी बहुतेक गाड्यांना 10 नंबरचा पाना लागतो. आमच्या गाडीत तो आता डिकीत नाही, पुढच्या कप्प्यात असतो.