लघवीच्या अहवालातील अधिकची चिन्हे

लघवीच्या तपासणीत रासायनिक पट्टी नमुन्यात बुडवतात आणि तिच्या चौकटींचे बदललेले रंग पाहतात. अहवालातील एक ते चार अधिक चिन्हे त्या घटकाचे वाढते प्रमाण दाखवतात.

प्रथिने निरोगी मूत्रपिंडाच्या गाळणीतून फारशी सुटत नाहीत. दिवसाला साधारण १५० मिलिग्रॅमपर्यंत प्रमाण सामान्य असते. ताप किंवा जोरदार व्यायामानंतर ते तात्पुरते वाढते. तीन महिन्यांहून अधिक काळ वाढलेले राहिल्यास मूत्रपिंडाच्या आजाराची शक्यता तपासावी लागते.

रक्तातील साखर साधारण १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या पुढे गेली की ती लघवीत उतरते. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी मधुमेहाची काही औषधे मात्र साखर मुद्दामच लघवीवाटे बाहेर काढतात.

नायट्राइट आणि वाढलेल्या पू-पेशी जंतुसंसर्ग सुचवतात. सर्वच जंतू नायट्राइट तयार करत नाहीत, म्हणून ते नसले तरी संसर्ग असू शकतो. नेमका जंतू आणि त्यावरचे औषध कल्चरमधून कळते.

पट्टीवर रक्त दिसले, तर सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी मोजतात. खडा, संसर्ग किंवा क्वचित गाठ हे कारण असू शकते. वेदना नसतानाही लघवी लाल झाली, तर दुर्लक्ष करू नये.

नमुना घेताना सुरुवातीची धार सोडून मधली धरावी आणि तो दोन तासांत प्रयोगशाळेत पोहोचवावा. मासिक पाळी चालू असल्यास तसे आधी सांगावे. एपिथेलियल पेशी खूप दिसल्यास नमुना बहुधा दूषित असतो. तपासणी पुन्हा करणे योग्य.