हेडलाइटचा दाणा

पिवळा पडलेला हेडलाइट गॅरेजात नेला की मिस्त्री पाणी लावून पॉलिश पेपरने घासतो. तासाभरात काच नव्यासारखी लखलखते आणि काही महिन्यांत पुन्हा पिवळी पडते. घासताना उरलासुरला कडक थर निघून गेलेला असतो. उन्हातल्या अतिनील किरणांपासून तिला वाचवणारा तोच. आपण काच म्हणतो ती पॉलिकार्बोनेटची असते, आणि तिची खरी राखण त्या काही मायक्रॉनच्या कोटिंगकडे असते. त्यात काटकसर करू नये, असं माझं ठाम मत आहे.

१९५३ साली जर्मनीत बायरच्या हर्मन श्नेलने आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या डॅनियल फॉक्सने हे प्लास्टिक स्वतंत्रपणे शोधलं. वजन काचेच्या निम्म्याहून कमी, खड्याचा मार सोसणारं. तरी अमेरिकेत १९४० पासून सीलबंद दिव्याचाच नियम होता. तो १९८३ मध्ये सैलावला, आणि १९८४ च्या लिंकन मार्क सेव्हनवर प्लास्टिकच्या काचेचा, गाडीच्या अंगाला शोभणारा दिवा आला.

पॉलिकार्बोनेटचा दाणा हवेतला ओलावा ओढून घेतो. मशिनला लावण्याआधी तो १२० अंशांवर तीन-चार तास सुकवायचा, ओलावा ०.०२ टक्क्यांखाली आणायचा. घाई केली तर मालावर चंदेरी रेघा उमटतात. त्या निदान डोळ्यांना दिसतात आणि माल बाजूला काढता येतो. रेणूंच्या साखळ्या तुटून आलेला ठिसूळपणा मात्र दिसत नाही. मला भीती त्याची वाटते.

मागचा रिफ्लेक्टर हे वेगळंच प्रकरण. हॅलोजन बल्ब ५५-६० वॉटचा, आणि साधं पॉलिकार्बोनेट १४७ अंशांच्या आसपास मऊ पडतं. बल्बच्या बरोबर वरची जागा सगळ्यात तापते. माल निवडायचा तो तिच्याकडे बघून. म्हणून तिथे बीएमसी: पॉलिएस्टर रेझिन, काचतंतू आणि कॅल्शियम कार्बोनेटची पूड यांची मळलेली कणीक. साच्यात एकदा भाजली की भाकरीचं पुन्हा पीठ होत नाही, तशी ती पुन्हा वितळत नाही. आधी लॅकर, मग निर्वात पेटीत अॅल्युमिनियमचा थर. पीईआय नावाचं प्लास्टिक २०० अंशांपर्यंत टिकतं आणि लॅकरशिवायही चकाकतं, पण महाग.

एलईडीने हिशेब फिरवला. उष्णता आता चिपच्या पाठीमागून हीटसिंकमध्ये उतरते आणि पुढची काच गार राहते. थंड देशांत तिच्यावर साचलेला बर्फ पूर्वीसारखा वितळत नाही. तो वितळवायला काही दिव्यांत तापणारी तार बसवावी लागते.