स्टेरॉइड, पण फक्त आतड्यापुरतं!

आयजीए नेफ्रोपथी हा मूत्रपिंडाचा आजार, पण त्याची सुरुवात बहुधा आतड्यात होते. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात पेयर्स पॅचेस नावाचे रोगप्रतिकारक पेशींचे पुंजके असतात. तिथे सदोष आयजीए प्रतिपिंडं तयार होतात, रक्तातून मूत्रपिंडाच्या गाळण्यांत जाऊन साचतात आणि लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात.

यावर प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड दिलं की ते अंगभर फिरतं. चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. म्हणून ब्युडेसोनाइड या स्टेरॉइडची खास कॅप्सूल निघाली. तिच्यातल्या बारीक मण्यांवरचं आवरण जठरातल्या आम्लात टिकतं आणि लहान आतड्याच्या टोकाशी विरघळतं. औषधाने तिथेच काम करावं, हा हेतू. मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते ती पुढची: शोषलं गेलेलं सुमारे 90 टक्के औषध यकृत पहिल्याच फेरीत निष्प्रभ करतं!

अमेरिकेत या कॅप्सूलला डिसेंबर 2021 मध्ये मान्यता मिळाली. दुष्परिणाम शून्य नाहीत. पायांवर सूज, वाढलेला रक्तदाब, मुरुमं दिसतातच. तरी दिशा योग्य आहे.

तुमचं स्टेरॉइड चालू असेल, तर हे वाचून ते परस्पर बंद करू नका. आधी नेफ्रॉलॉजिस्टशी बोला.