सुट्या पैशांची बचत

सुट्या पैशांची बचत : दैनंदिन खरेदीची रक्कम लगतच्या पूर्ण आकड्यापर्यंत वाढवून त्यातील फरकाची रक्कम आपोआप बचत खात्यात अथवा गुंतवणुकीत वळविण्याची पद्धत. उदा., ४७ रुपयांच्या खरेदीस ५० रुपये खर्ची पडतात. त्यांपैकी ४७ रुपये विक्रेत्यास व ३ रुपये बचतीस मिळतात. दर वेळी वेगळा निर्णय न घेता अत्यल्प रकमांचा संचय करणे, हे या पद्धतीचे मुख्य सूत्र होय. भारतात हे सूत्र दैनिक ठेवीच्या, म्हणजेच ‘पिग्मी’च्या रूपाने अनेक दशके रूढ आहे.

दैनिक ठेवीची परंपरा : उपेंद्र अनंत पै, वामन कुडवा व टी. एम्. ए. पै यांनी १९२५ मध्ये उडुपी येथे कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेट ही बँक स्थापन केली. पुढे ती सिंडिकेट बँक या नावाने प्रसिद्धीस आली. तिने १९२८ मध्ये पिग्मी ठेव योजना सुरू केली. बँकेचा प्रतिनिधी ठेवीदाराच्या दारी जाऊन रोज दोन आणे इतकी अल्प रक्कमही स्वीकारी. या दराने वर्षाकाठी ४५ रुपये १० आणे जमत. रोजच्या मिळकतीवर जगणाऱ्यास ही रक्कम एकदम बाजूला काढणे अवघड होते. दोन आणे काढणे शक्य होते. १९६९ मध्ये या बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले व १ एप्रिल २०२० रोजी ती कॅनरा बँकेत विलीन झाली. मूळ बँक राहिली नाही, तरी ‘पिग्मी’ हा शब्द दैनिक ठेवीचे सामान्यनाम म्हणून टिकून आहे.

दक्षिण महाराष्ट्रातील बँका व सहकारी पतसंस्थांनीही ही पद्धत स्वीकारली. सांगली व मिरज या शहरांदरम्यानच्या विश्रामबागसारख्या उपनगरात चहाची टपरी, किराणा दुकान, भाजीविक्रेता, केशकर्तनालय असे छोटे व्यावसायिक हे तिचे स्वाभाविक ठेवीदार होत. पिग्मी एजंट ठरलेल्या वेळी दुकानी येतो, गल्ल्यातील रक्कम घेतो व पावती देतो. पूर्वी तो कार्डावर हाताने नोंद करी. पुढे हातात मावणारे यंत्र व भ्रमणध्वनीवरील संदेश यांचा वापर सुरू झाला. जमलेल्या ठेवीच्या तारणावर कर्ज घेण्याची सोयही अनेक ठिकाणी असते. एजंटास जमा रकमेवर दलाली मिळते. असे ठेव गोळा करणारे प्रतिनिधी औद्योगिक विवाद कायद्यानुसार ‘कामगार’ ठरतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये दिला.

स्वयंचलित पद्धत : नाण्यांचा वापर कमी होत गेला, तसे सुट्या पैशांचे स्वरूपही पालटले. २५ पैसे व त्यांहून कमी मूल्याची नाणी भारतात ३० जून २०११ नंतर वैध चलन राहिली नाहीत. सुट्या रुपयाऐवजी गिऱ्हाइकाच्या हाती गोळी किंवा चॉकलेट ठेवण्याची दुकानदारांची रीत सर्वपरिचित आहे. २०१६ मध्ये यूपीआय ही प्रणाली सुरू झाल्यावर नेमकी रक्कम देता येऊ लागली. त्यामुळे सुटे परत घेण्याचा प्रश्न मिटला. पण खिशातील मोड घरच्या डब्यात टाकण्याची सवयही मागे पडली. ही उणीव संगणकीय नोंदींच्या आधारे भरून काढता येते. अमेरिकेत बँक ऑफ अमेरिकाने २००५ मध्ये कार्डावरील खरेदीचा फरक बचत खात्यात वळविण्याची योजना आणली. भारतात ‘जार’ (२०२१) यासारख्या उपयोजनांनी असा फरक डिजिटल सोन्यात गुंतविण्याची सोय केली.

किमतींचे अखेरचे अंक शून्य ते नऊ यांत समप्रमाणात विभागले आहेत असे मानल्यास, रक्कम दहाच्या पटीपर्यंत वाढविताना प्रत्येक खरेदीमागे सरासरी ४·५० रुपये शिल्लक पडतात. दिवसाला पाच खरेद्या धरल्या, तर ३० दिवसांत ६७५ रुपये जमतात. प्रत्यक्षात अनेक किमती पाच वा दहाच्या पटीत असल्याने हा आकडा बदलतो.

तुलना व मर्यादा : पिग्मीची रक्कम मिळकतीतून निघते, तर पूर्णांकाने होणारी बचत खर्चातून निघते, दोन्हींमधील हा मूलभूत भेद होय. धंदा मंदावल्यास दुकानदार एजंटास कमी रक्कम देतो. याउलट, स्वयंचलित पद्धतीत खरेद्यांची संख्या वाढली, की बचतही वाढते. त्यामुळे अधिक खर्च करणाऱ्यास आपण अधिक बचत करीत आहोत, असा भ्रम होऊ शकतो. खात्यातील शिल्लक किमान मर्यादेखाली जाऊन आकार पडू नये, यासाठी दैनिक कमाल मर्यादा ठरविणे हितावह असते.

रक्कम लहान असली, तरी तिच्या सुरक्षिततेचा प्रश्न लहान नसतो. बँकांतील ठेवींना, सहकारी बँका धरून, ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदारास प्रत्येक बँकेत व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंत विमासंरक्षण आहे. त्यापूर्वी ही मर्यादा १ लाख रुपये होती. पतसंस्थांतील ठेवी मात्र या संरक्षणाच्या कक्षेत येत नाहीत. वर्षभर रोज वीस रुपये भरणाऱ्याचे ७,३०० रुपये होतात. संस्था बुडाल्यास त्याची मुलाची शाळेची फी किंवा दुकानाचा माल यांसाठी राखलेली रक्कमच अडकते. डिजिटल सोन्याच्या खरेदीवर ३ टक्के वस्तू व सेवा कर पडतो, शिवाय खरेदी व विक्रीच्या दरांत तफावत असते. ही खरेदी आपल्या नियमनाबाहेर असल्याचा इशारा भारतीय प्रतिभूती व विनिमय मंडळाने (सेबी) नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. म्हणून अशी बचत विमासंरक्षित खात्यात साठवून, पुरेशी रक्कम झाल्यावर मुदत ठेवीत वळविणे अधिक सुरक्षित ठरते.