हिवाळी ओढकामासाठी ट्रकच्या मागील दुहेरी चाकांचे एकेरी चाकांत रूपांतर : एक विवेचन

प्रस्तावना :

भारतीय रस्त्यांवर मालमोटारीच्या मागील अ‍ॅक्सलला प्रत्येक बाजूस दोन टायर असणे ही इतकी परिचयाची बाब आहे की, त्यामागील कारणाचा विचार सहसा केला जात नाही. टाटा 407 सारख्या लहान मालवाहनापासून मोठ्या मालट्रकपर्यंत हीच रचना आढळते. उत्तर अमेरिकेत ती खासगी वापराच्या पिकअप ट्रकमध्येही उपलब्ध आहे. फोर्ड एफ-350, रॅम 3500 आणि शेव्हरले सिल्व्हराडो 3500 या वाहनांची दुहेरी चाकांची आवृत्ती तेथे ‘ड्युअली’ या नावाने ओळखली जाते. घोड्यांचे ट्रेलर, फिरती घरे, बांधकामाची यंत्रे ओढण्यासाठी तिचा वापर होतो. कोलोरॅडो, मोंटाना, अल्बर्टा यांसारख्या प्रदेशांत मात्र हिवाळा सुरू झाला की, हेच वाहन हिमाच्छादित चढावर जागीच फिरू लागते. त्यामुळे काही वाहनमालक मागील चार चाके काढून त्यांच्या जागी दोनच चाके बसवितात. हे रूपांतर कोणत्या तत्त्वावर आधारलेले आहे आणि त्याची किंमत कोणत्या स्वरूपात मोजावी लागते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

हिमावरील पकडीचे स्वरूप :

शालेय भौतिकशास्त्रात घर्षणबल हे केवळ पृष्ठभागावरील लंबरूप भारावर अवलंबून असते, स्पर्शक्षेत्रावर नाही, असे शिकविले जाते. हा नियम पूर्णपणे लागू असता, तर चार टायर काय आणि दोन काय, पकडीत काहीच फरक पडला नसता. परंतु हिम हा कठीण पृष्ठभाग नाही. तो दबतो, घट्ट होतो आणि ठरावीक बलानंतर कातरला जातो. टायरच्या खाचांत दाबून बसलेले हिम आणि रस्त्यावरील हिम यांच्यातील कातरणरोध हाच पकडीचा मोठा भाग असतो. म्हणूनच हिवाळी टायरच्या खाचा हिम धरून ठेवतील अशा आखलेल्या असतात.

रिकाम्या ड्युअलीच्या मागील अ‍ॅक्सलवर साधारण 1,500 किलोग्रॅम भार असतो. तो चार टायरांत विभागला की, प्रत्येकाच्या वाट्याला 375 किलोग्रॅम येतो. एकेरी चाकांत तो 750 होतो. हलका टायर हिमाच्या थरावर तरंगतो, जड टायर तो थर दाबून खालच्या कठीण भागापर्यंत पोहोचतो. रुंदीचाही प्रश्न आहे. 235 मि.मी. रुंदीचे चार टायर एकत्रितपणे सुमारे 94 सें.मी. रुंदीचे हिम बाजूला सारतात, तर 275 मि.मी.चे दोन टायर 55 सें.मी. शिवाय पुढील चाकाने दाबून तयार केलेल्या चाकोरीत दुहेरी जोडीतील दोन्ही टायर मावत नाहीत. किमान एकाला ताज्या हिमातूनच वाट काढावी लागते. एकेरी चाक मात्र पुढील चाकाच्या मागोमाग जाऊ शकते. आपल्याकडे दोन टायरांमध्ये अडकलेला दगड चालक पान्याने ठोकून काढतो, तसा तेथे ओला चिखलमिश्रित हिमगोळा अडकतो. फरक एवढाच की, तो गोठतो.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. अमेरिकी लष्कराच्या एम 35 या अडीच टनी ट्रकच्या ए2 आवृत्तीत मागे दुहेरी टायर होते. पुढे ए3 या सुधारित आवृत्तीत रुंद एकेरी टायर आणि चालत्या वाहनातून हवेचा दाब कमीजास्त करणारी यंत्रणा देण्यात आली. तेथे उद्देश हवा कमी करून टायर पसरविण्याचा होता. कारण वाळूत, चिखलात किंवा खोल हिमात खाली टेकण्यासाठी कठीण तळच नसतो. रस्त्यावरील दहा-पंधरा सें.मी. हिमाखाली डांबर असते, तेथे टायरने तळ गाठणे हिताचे ठरते. रूपांतर दोन्हीकडे एकच, पण कारणे परस्परविरुद्ध आहेत. महामार्गावरील मोठ्या ट्रकमध्ये 445/50 आर 22.5 या मापाचे रुंद एकेरी टायर वापरले जातात, तेही वजन आणि इंधन वाचविण्यासाठी. हिमाशी त्यांचा संबंध नाही.

यांत्रिक अटी :

बाहेरचे चाक काढून आतले तसेच ठेवले की काम झाले, असे वरकरणी वाटते. प्रत्यक्षात ही सर्वांत धोकादायक पद्धत होय. दुहेरी चाकाच्या रिमचा मध्य तिच्या बसणीपासून सुमारे 13 सें.मी. दूर असतो. एक रिम आत, दुसरी उलटी करून बाहेर अशी जोडी बसल्यामुळे एकत्रित भार बरोबर बसणीच्या रेषेवर येतो. बाहेरचे चाक काढले की, प्रत्येक बाजूची भाररेषा तेवढीच आत सरकते, वाहनाचा पाया अरुंद होतो आणि वळणावर व बाजूच्या वाऱ्यात स्थैर्य घटते. म्हणून रूपांतरासाठी ज्या रिमचा मध्य बसणीच्या जवळपास आहे अशी वेगळी रिम लागते. तिच्यामुळे बेअरिंगवरील भाररेषा मूळ जागी राहते.

एकेरी चाकांच्या ट्रकची रिम आणून बसवावी, तर बोल्टही जुळत नाहीत. फोर्डच्या एकेरी आवृत्तीत आठ बोल्ट 170 मि.मी. व्यासाच्या वर्तुळावर असतात, एफ-350 च्या दुहेरी आवृत्तीत 200 मि.मी.वर. शेव्हरलेच्या 2011 पासूनच्या वाहनांत हे आकडे अनुक्रमे 180 आणि 210 आहेत. चारही चाकांना चालना देणाऱ्या वाहनात पुढील व मागील टायरचा व्यास समान असणे अनिवार्य असल्याने पुढचे टायरही बदलावे लागतात. पुढील व मागील रिम वेगवेगळ्या बसविल्या, तर एक स्टेपनी दोन्हीकडे चालत नाही. घाटात अडकल्यावरच हे लक्षात येते.

भारमर्यादेचा हिशेब :

खरा प्रश्न पकडीचा नसून वजनाचा आहे. रॅम 3500 च्या ड्युअलीत वापरला जाणारा एलटी 235/80 आर 17 हा टायर दुहेरी जोडीत 1,285 किलोग्रॅम पेलतो. चार टायरांची एकत्रित क्षमता 5,140 किलोग्रॅम होते. एलटी 275/70 आर 18 हा टायर एकेरी वापरात 1,650 किलोग्रॅम पेलतो, म्हणजे दोन मिळून 3,300. व्यावसायिक वापराचा 225/70 आर 19.5 हा जाड थरांचा टायर 1,800 किलोग्रॅमपर्यंत जातो. दोन मिळून 3,600. व्यासाच्या दृष्टीने हा शेवटचा टायर मूळ टायरशी जवळजवळ जुळतो (810 व 808 मि.मी.). 275/70 चा व्यास सुमारे 842 मि.मी. असल्याने वेगमापक चार टक्के कमी वेग दाखवितो आणि चढावर इंजिनाची ओढही तेवढीच घटते.

आता ओढकामाचे उदाहरण घेऊ. ट्रकच्या हौद्यात बसविलेल्या फिफ्थ व्हील जोडणीवर ट्रेलरच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा येतो. 6,000 किलोग्रॅमच्या ट्रेलरचे 1,200, रिकाम्या ट्रकचे मागील 1,500 आणि जोडणी, इंधन, सामान यांचे 250 धरले, तर अ‍ॅक्सलवर 2,950 किलोग्रॅम येतात. 275/70 टायरांना 350 किलोग्रॅम शिल्लक राहतात. हाच ट्रेलर 9,000 किलोग्रॅमचा असेल, तर बेरीज 3,550 होते. पहिला टायर येथे बाद झाला. दुसऱ्याजवळ अवघे 50 किलोग्रॅम उरले. रस्ता एका बाजूला कलला तरी एका टायरची मर्यादा ओलांडली जाईल.

थंडी हा हिशेब आणखी बिघडविते. 20 अंश सेल्सिअस तापमानाच्या गॅरेजमध्ये 80 पौंड हवा भरलेला टायर उणे 25 अंशांत नेला की, दाब सुमारे 65 पौंडांवर येतो. टायरची भारक्षमता दाबावर ठरत असल्याने कागदावरची 3,300 ची मर्यादा त्या थंडीत उरत नाही. हवा थंड टायरमध्ये, बाहेरच्या तापमानात तपासणे म्हणूनच गरजेचे असते.

याच हिशेबातून दुसरी गोष्टही पुढे येते. फिफ्थ व्हील ट्रेलर जोडलेल्या ड्युअलीच्या मागील अ‍ॅक्सलवर 2,950 किलोग्रॅम असतील, तर प्रत्येक टायरवर सुमारे 740 किलोग्रॅम येतात. रूपांतरानंतर रिकाम्या ट्रकच्या एकेरी टायरवर येणारा भारही जवळपास तेवढाच होता. म्हणजे ड्युअलीचे दुखणे मुख्यतः रिकाम्या फेरीचे आहे. जो मालक हिवाळाभर सतत जड ट्रेलर ओढतो, त्याला रूपांतरातून मिळणारी पकड सर्वांत कमी आणि गमवावी लागणारी भारक्षमता सर्वांत जास्त आहे. हलका ट्रेलर घेऊन वा रिकामे हिंडणाऱ्याच्या बाबतीत स्थिती उलट होते.

उतार, थांबणे आणि टायर फुटणे :

चढावर मिळालेल्या यशामुळे उताराबद्दल खोटा विश्वास निर्माण होण्याचा संभव असतो. हिवाळी टायरवरील तीन शिखरे व हिमकण हे चिन्ह उत्तर अमेरिकेत 1999 मध्ये आले. त्याची कसोटी मध्यम दाबलेल्या हिमावर वेग घेताना मिळणाऱ्या ओढीची आहे. गोठलेल्या बर्फावर थांबण्याची किंवा वळण्याची नाही. चकचकीत बर्फावर टायर तळ शोधू शकत नाही, कारण बर्फ हाच तळ असतो. तेथे रूपांतराचा लाभ फारसा उरत नाही. मागून ढकलणारा ट्रेलर त्याच्या स्वतःच्या ब्रेकनेच आवरावा लागतो.

दुहेरी जोडीतील एक टायर फुटला, तर दुसरा निदान कडेला थांबेपर्यंत भार तोलून धरतो. एकेरीत ही सोय नाही. उलटपक्षी साखळ्या बांधणे एकेरी चाकांवर सोपे होते. दुहेरी जोडीवर एकतर बाहेरच्याच टायरला साखळी चढवावी लागते किंवा दोन्हींना कवेत घेणारी जड साखळी वापरावी लागते. कोलोरॅडोत आय-70 महामार्गाच्या डॉटसेरो ते मॉरिसन या डोंगराळ भागात व्यावसायिक वाहनांना 1 सप्टेंबर ते 31 मे या काळात साखळ्या जवळ बाळगणे बंधनकारक आहे, त्यामुळे ही सोय तेथील चालकाला क्षुल्लक वाटत नाही.

वाहनाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीत छापलेली भारमर्यादा मजबूत रिम बसविल्याने वाढत नाही. पट्टीवरचा आकडा, रिमची क्षमता आणि टायरची क्षमता यांपैकी जो सर्वांत लहान, तोच लागू होतो. ड्युअली म्हणून विकत घेतलेल्या ट्रकच्या बाबतीत रूपांतरानंतर तो बहुधा टायरचा असतो आणि पट्टीवर तो लिहिलेला नसतो. पुढे हाच ट्रक विकला गेला, तर नव्या मालकाला पट्टीच दिसते. म्हणून काही जण चाकांचे दोन संच बाळगतात : ऑक्टोबरात एकेरी चढवितात आणि जड ओढकाम सुरू होण्यापूर्वी, एप्रिलच्या सुमारास, दुहेरी परत लावतात. प्रत्येक बदलानंतर पहिल्या 160 किलोमीटरच्या आत नट पुन्हा ठरलेल्या ताणाने कसावे लागतात.